गिलान आणि अगिलान : महामारीतील साठेबाजीसंबंधी विनयाचा विचार

भिक्खुजीवनाला आवश्यक मानलेल्या चार प्रत्ययांपैकी चीवर, पिंडपात आणि सेनासन यांच्यानंतर औषधाचे स्थान येते. पाली वाङ्मयात या चौथ्या प्रत्ययाला केवळ 'भेसज्ज' म्हटलेले नाही. त्याचे पूर्ण नाव 'गिलानप्पच्चय-भेसज्ज-परिक्खार' असे आहे. 'गिलान' म्हणजे रुग्ण. संस्कृतातील 'ग्लान' हा त्याचाच प्रतिशब्द. चीवर सर्वांसाठी आहे, भिक्षान्न सर्वांसाठी आहे. औषध मात्र कोणासाठी आहे हे त्याच्या नावातच सांगून ठेवले आहे. विनयपिटक शिकताना आणि शिकविताना हा सामासिक शब्द आपण अनेकदा उच्चारतो. परंतु त्यातील पहिल्या पदाचे महत्त्व मार्च २०२० नंतर जेवढे जाणवले तेवढे पूर्वी क्वचितच जाणवले असेल. कोरोनाच्या महामारीत औषधे, मुखपट्ट्या, सॅनिटायझर आणि धान्य यांसाठी जी झुंबड उडाली, तिच्या मुळाशी एकच प्रश्न होता : वस्तू थोडी असताना तिच्यावर पहिला हक्क कोणाचा? या प्रश्नाचा विचार बौद्ध वाङ्मयाने कसा केला आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यवतमाळचा अनुभव

दुबईहून परतलेल्या प्रवाशांपैकी काहींना कोरोनाची बाधा झाल्याचे मार्च २०२० च्या मध्यास यवतमाळात निष्पन्न झाले, आणि दूरदेशीचा वाटणारा रोग एकाएकी आपल्या दाराशी आला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चच्या रात्री देशभर एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. जीवनावश्यक वस्तूंची दुकाने सुरू राहतील असे सांगितले जात असतानाही त्याच रात्री गावोगावच्या किराणा दुकानांपुढे गर्दी लोटली. तत्पूर्वीच, १३ मार्च रोजी, केंद्र शासनाने मुखपट्ट्या व सॅनिटायझर यांचा समावेश १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली केला होता. २१ मार्चला दोनशे मिलिलीटर सॅनिटायझरची कमाल किंमत शंभर रुपये आणि तीनपदरी मुखपट्टीची दहा रुपये अशी ठरवून द्यावी लागली. कायद्याचा बडगा उगारावा लागला याचाच अर्थ वस्तू दुकानातून नाहीशी होऊन कोठे तरी साठत होती.

ती साठत होती कोणाच्या घरी? हा प्रश्न आपण टाळता कामा नये. यवतमाळ हा कापसाचा आणि कोरडवाहू शेतीचा जिल्हा. घाटंजी, मारेगाव, झरी जामणी यांसारख्या तालुक्यांतील शेतमजुराचे घर आठवडी बाजारावर चालते. मजुरी हाती पडेल तेवढेच तेल, तेवढीच डाळ त्याच्या घरी येते. महिन्याचा किराणा एकदम भरण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही, तो भयभीत झाला तरी साठा करू शकत नाही. टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, रोजगार थांबला, आणि जेव्हा त्याच्या हाती चार पैसे आले तेव्हा दुकानातील माल संपलेला होता किंवा महागलेला होता. भय सर्वांनाच वाटले. परंतु भयाचे रूपांतर साठ्यात करण्याची शक्ती मात्र थोड्यांपाशीच होती. म्हणून साठेबाजी हा केवळ स्वभावदोषाचा विषय नाही, तो विषमतेचाही विषय आहे.

हे लिहिताना प्रस्तुत लेखक स्वतःला वगळू इच्छित नाही. त्या मार्च महिन्यात घरात सॅनिटायझरच्या दोन बाटल्या असताना मी आणखी चार विकत आणल्या. पुढे काही दिवसांनी आमच्या वस्तीत घरोघर पाहणीसाठी फिरणाऱ्या एका आशाताईंनी विचारले, "सर, एखादी बाटली जास्तीची असेल का?" मी एक दिली आणि पाच ठेवल्या. त्या वेळी एक दिल्याचे समाधानच वाटले होते!

भयाचे गणित

गर्दीत खरेदी करणारा प्रत्येक मनुष्य दुष्ट असतो असे नाही. त्याचा विचार साधा असतो. उद्या माल मिळाला नाही तर? शेजारी दोन पिशव्या नेत आहे, मग मी एकच का न्यावी? एकेकट्याच्या दृष्टीने हा विचार चुकीचा वाटत नाही. परंतु समजा, एका दुकानात शंभर कुटुंबांना आठवडाभर पुरेल एवढा माल आहे. प्रत्येकाने आठवड्यापुरता घेतला तर शंभरही घरे चालतात. प्रत्येकाने चार आठवड्यांचा घ्यावयाचे ठरविले तर पहिल्या पंचवीस घरांत सर्व माल जातो आणि पंचाहत्तर घरे रिकाम्या हाताने परततात. माल तेवढाच, माणसे तेवढीच. टंचाई मात्र नव्याने निर्माण झाली. टंचाई येणार या समजुतीने केलेल्या कृतीनेच टंचाई आणली, आणि ती आल्यावर पहिल्या पंचवीस जणांना वाटले की आपला अंदाज खरा होता.

ही प्रवृत्ती एखाद्या प्रदेशाची नव्हे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया व ब्रिटनसारख्या संपन्न देशांतही दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. आपल्याकडे १९९४ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हाही हेच घडले. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीचा प्लेग आढळला, सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग झाल्याचे जाहीर झाले. लाखो लोकांनी सुरत सोडले आणि टेट्रासायक्लिन हे औषध दुकानांतून दिसेनासे झाले. ज्यांना प्लेग झालेला नव्हता त्यांनी ते घेतले, घरात ठेवले, काहींनी विनाकारण खाल्लेही.

अग्गञ्ञसुत्तातील तांदूळ

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात समाजाच्या उत्पत्तीची जी कथा आली आहे, ती चातुर्वर्ण्याच्या दैवी उत्पत्तीचे खंडन करणारी म्हणून आपल्या वाचकांस परिचित आहे. त्याच कथेत संग्रहाच्या उगमाचे वर्णनही आहे. प्रारंभी तांदूळ न पेरता उगवत असे. त्याला ना कोंडा होता ना तूस. सायंकाळी कापलेला तांदूळ सकाळी पुन्हा पिकलेला असे. लोक सकाळच्या जेवणासाठी सकाळी आणि सायंकाळच्या जेवणासाठी सायंकाळी जात. पुढे एका आळशी माणसाने दोन्ही वेळचा तांदूळ एकदमच आणला. ते पाहून दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, तिसऱ्याने चार दिवसांचा, चौथ्याने आठ दिवसांचा. परिणामी तांदळाला कोंडा व तूस आले, कापलेले पीक पुन्हा उगवेना, उघडी जमीन दिसू लागली. मग शेतांच्या सीमा आल्या, चोरी आली, असत्य आले, दंड आला.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, पहिल्या संग्राहकाचा हेतू दुष्ट नव्हता. त्याला केवळ एक खेप वाचवावयाची होती. दुसरी अशी की, पुढील प्रत्येकाने आपली गरज मोजली नाही, तर शेजाऱ्याचा साठा मोजला. दोन, चार, आठ ही वाढ भुकेची नाही, ती अनुकरणाची आहे. पालीत अशा साठवणुकीस 'सन्निधि' असा शब्द आहे. आणि तांदळाने उगवणे थांबविले ते कोण्या देवाच्या कोपामुळे नव्हे, तर माणसांच्या वर्तनामुळे, हा कार्यकारणभाव बुद्धविचाराला धरूनच आहे.

पिलिंदवच्छांच्या विहारातील उंदीर

औषधांच्या साठ्याविषयी तर विनयपिटकात स्वतंत्र शिक्षापदच आहे. महावग्गातील भेसज्जक्खंधकानुसार, शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश व निस्तेज झालेले पाहून भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच पदार्थांना औषध म्हणून अनुमती दिली. अनुमतीचा उगम करुणेत होता. पुढे राजगृहात आयुष्यमान पिलिंदवच्छ यांच्यावर प्रसन्न झालेल्या लोकांनी ही पाच औषधे मोठ्या प्रमाणावर आणून दिली. पिलिंदवच्छांनी ती स्वतःपाशी ठेवली नाहीत. जे मिळे ते आपल्या परिवारातील भिक्खूंना वाटून दिले. परंतु त्या परिवाराला संग्रहाची चटक लागली. मडकी भरली, घागरी भरल्या, पाणी गाळण्याची फडकी व पिशव्या भरून खिडक्यांना टांगल्या. त्या पाझरू लागल्या आणि विहारात उंदरांचा सुळसुळाट झाला. विहार पाहावयास आलेल्या लोकांनी टीका केली की, हे शाक्यपुत्रीय श्रमण मगधराज बिंबिसाराप्रमाणे कोठारे भरू लागले आहेत.

ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली तेव्हा नियम झाला : ही औषधे स्वीकारल्यावर अधिकाधिक सात दिवस ठेवून त्यांचा उपयोग करावा, त्यापुढे ठेवल्यास ती 'निस्सग्गिय', म्हणजे सोडून देण्यास पात्र होतात. अशी औषधे संघापुढे ठेवून दोषाची कबुली द्यावी लागते. संघाने ती परत दिली तरी त्या भिक्खूला ती खाता येत नाहीत; दिव्यासाठी वा रंगकामासाठी त्यांचा उपयोग करता येतो.

हा नियम आंधळा नाही. हळद, आले यांसारखी मूलौषधे कारण असल्यास वापरण्यासाठी आयुष्यभर जवळ ठेवण्यास त्याच खंधकात परवानगी आहे. म्हणजे ठेवणे हाच दोष असे विनय म्हणत नाही. वस्तूचे स्वरूप, तिची मुदत आणि तिचे प्रयोजन पाहून मर्यादा ठरविली आहे. शिवाय दाता उदार होता, वाटणारा निःस्पृह होता, तरीही साठा झालाच. कारण घेणाऱ्याने 'मला याची गरज आहे काय' हा प्रश्न विचारला नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात भिक्खूला बाळगता येणाऱ्या आठ वस्तूंचा निर्देश करून संघातील खाजगी मालमत्तेवरील निर्बंधांकडे लक्ष वेधले आहे, ते याच विनयाच्या आधारे.

सारिपुत्तांचा उपवास

सुत्तविभंगातील एकतिसावे पाचित्तिय आजच्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. श्रावस्तीजवळ एका समूहाने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी धर्मशाळेत अन्नाची सोय केली होती. षड्वर्गीय भिक्खू तेथे जेवले. अन्न आयते मिळते असे पाहून दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेथेच जेवू लागले. त्यांना पाहून अन्य पंथांचे लोक तेथून निघून गेले. लोक म्हणू लागले की, हे अन्न काही केवळ यांच्यासाठी नव्हते, सर्वांसाठी होते. तेव्हा अशा ठिकाणी भिक्खूने एकदाच जेवावे असा नियम झाला.

पुढे आयुष्यमान सारिपुत्त कोसल देशातून श्रावस्तीकडे जात असता अशाच एका धर्मशाळेत उतरले. तेथे ते आजारी पडले, पुढे चालवेना. दुसऱ्या दिवशी लोकांनी अन्न देऊ केले, परंतु नियमाला जपून त्यांनी ते घेतले नाही आणि उपाशी राहिले. हे कळल्यावर भगवंतांनी नियमात एक शब्द घातला : 'अगिलानेन', म्हणजे जो आजारी नाही त्याने. रुग्णाला अधिक दिवस जेवण्यास मोकळीक मिळाली.

या एका शब्दात सारा न्याय सामावला आहे. निरोग्याने रुग्णाचा वाटा खाऊ नये, हा त्याचा एक अर्थ. आणि रुग्णाने संकोचापायी उपाशी राहू नये, हा दुसरा. नियमाचे माप सर्वांना सारखे नाही, ते गरजेप्रमाणे आहे. टाळेबंदीत शिवभोजन थाळीची किंमत दहावरून पाच रुपयांवर आणण्यात आली, दरमाणशी पाच किलो मोफत धान्याची योजना जाहीर झाली. ही आपल्या काळातील आवसथपिंडेच होत. ऐपत असताना त्या रांगेत उभे राहणारे आणि गरज असताना लाजेने न जाणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आपण पाहिले. विहारातील कार्यकर्त्यांनी पहिल्यांना समजावणे जेवढे आवश्यक, तेवढेच दुसऱ्यांच्या घरी स्वतः जाणेही आवश्यक होते.

औषधांच्या बाबतीत हे अधिकच खरे ठरले. मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवक व रुग्णाच्या निकटवर्तीयांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीची शिफारस होताच निरोगी माणसांनी ती घेऊन ठेवण्यास प्रारंभ केला. ल्यूपस व संधिवात यांच्या ज्या रुग्णांचे आयुष्य या गोळीवर चालते, त्यांना ती मिळेनाशी झाली. २६ मार्चला तिच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. पुढील चाचण्यांत तर कोरोनाच्या रुग्णांना तिचा लाभ होत नसल्याचे आढळले. अगिलानाने गिलानाचे औषध नेले, आणि त्याचाही काही लाभ झाला नाही!

मात्रा जाणणे

महावग्गातील चीवरक्खंधकात, अतिसाराने पडून राहिलेल्या व कोणीही विचारपूस न केलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदांसह स्वतः स्नान घातल्याचा प्रसंग आहे. रुग्णसेवेला त्यांनी स्वतःच्या सेवेची बरोबरी दिली. त्याच ठिकाणी सुलभ रुग्ण व उत्तम शुश्रूषक यांचे गुण सांगितले आहेत. शुश्रूषकाने 'सप्पाय' (पथ्यकर) काय आणि 'असप्पाय' काय हे ओळखावे; आणि रुग्णाने पथ्यकर वस्तूचीही मात्रा जाणावी. अपथ्य टाळावे हे कोणीही सांगेल. पथ्यकर वस्तूचीही मात्रा असते, हे सांगणे ही बुद्धवचनाची सूक्ष्मता आहे.

एप्रिल २०२१ मधील रेमडेसिविरच्या इंजेक्शनासाठीची धावपळ आपणां सर्वांना आठवत असेल. यवतमाळ व अमरावती भागात त्या वर्षी फेब्रुवारीपासूनच रुग्णसंख्या वाढू लागली होती. एप्रिलमध्ये सर्वत्र नातेवाइकांच्या रांगा लागल्या, काळाबाजार झाला, ११ एप्रिलला निर्यात थांबवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये रुग्णालयातील रुग्णांसाठी या औषधाची शिफारस न करण्याचा सल्ला दिला होता. २०२२ मध्ये काही विशिष्ट रुग्णांपुरता तो बदलला. म्हणजे ते ना संजीवनी होते ना निरुपयोगी. त्याला त्याची मात्रा आणि त्याचा रुग्ण होता. आपल्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना धावणाऱ्या कुटुंबाला दोष देणे निर्दयपणाचे होईल. दोष द्यावयाचा तो त्यांच्या भयाचा बाजार मांडणाऱ्यास, आणि वेळीच स्पष्ट माहिती न पोहोचविणाऱ्या व्यवस्थेस. त्याच एप्रिलमध्ये वणी येथे, मद्याची दुकाने बंद असताना सॅनिटायझर प्राशन केल्याने सात जणांचा मृत्यू झाला. हाताला सप्पाय असलेली वस्तू पोटाला असप्पाय ठरली. एका घरात अनावश्यक बाटल्यांची रांग, दुसरीकडे त्याच द्रवाने गेलेले सात जीव. वस्तूविषयीचे अज्ञान किती महाग पडते याचे याहून दुःखद उदाहरण आपल्या जिल्ह्यात नसेल.

मग उपासकाने साठवूच नये काय?

येथे एक शंका उपस्थित होते. विनयाचे नियम भिक्खूंसाठी आहेत. संसारी उपासकाला मुलाबाळांसाठी काही राखून ठेवावे लागते. ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तरही तिपिटकात आहे. सिगालोवादसुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन व्यवसायात घालावेत आणि चौथा आपत्तीसाठी राखावा, असा उपदेश आहे. आपत्तीसाठी ठेवणे हे प्रज्ञेचे लक्षण मानले आहे. मात्र ती बचत सुस्थितीत आणि स्वकष्टाच्या मिळकतीतून करावयाची आहे. सुकाळात थोडे थोडे राखणारा कोणाचे हिरावून घेत नाही. आपत्ती दाराशी आल्यावर सर्वांच्या समाईक साठ्यावर झडप घालणे, ही बचत नव्हे.

दुसरी बाजू शासनाची. चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यामुळे चोरी व चोरीमुळे हिंसा वाढली, अशी कारणपरंपरा दिली आहे. रेशनचे धान्य वेळेवर आणि पूर्ण मिळेल असा विश्वास असेल तर मनुष्य घरात पोती रचत नाही. विश्वासाचा अभाव हेच भयाचे मूळ. म्हणून नागरिकांना संयमाचा उपदेश करणाऱ्या शासनाने आपले वितरण आधी चोख ठेवले पाहिजे. शील व्यक्तीचे असते, तसे व्यवस्थेचेही असते.

स्वरक्षण आणि पररक्षण

संयुत्तनिकायातील सेदकसुत्तात वेळूवर कसरत करणाऱ्या गुरु-शिष्यांची उपमा आहे. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो, असा तिचा आशय. दुसऱ्याचे रक्षण कशाने होते? क्षांती, अहिंसा, मैत्रचित्त आणि 'अनुद्दया', म्हणजे परदुःखाची कणव, यांनी होते असे तेथे सांगितले आहे. संसर्गजन्य रोगाच्या बाबतीत ही केवळ उपमा राहत नाही. शेजाऱ्याला साबण आणि मुखपट्टी मिळाली नाही तर त्याचा रोग माझ्या घरी येतो. सहा बाटल्या कपाटात ठेवून आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना निःशस्त्र ठेवून माझे रक्षण कसे होणार होते?

त्या काळात 'सामाजिक अंतर' हा शब्द सर्वत्र रूढ झाला. शतकानुशतके सामाजिक अंतराचा दाह सोसलेल्या समाजाला तो बोचणे स्वाभाविक होते. रोगाला शारीरिक अंतर पुरेसे असते. सामाजिक अंतर तर उलट मिटवावयाचे असते. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, ही स्मृती आपल्यापाशी आहे. १४ एप्रिल २०२० ची भीमजयंती आपल्या समाजाने घरातच राहून साजरी केली. वर्षभर वाट पाहिलेला सोहळा स्वेच्छेने सोडणे, हेही अनुद्दयेचेच आचरण होते.

पुढील महामारी केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु ती आल्यावर काय करावे हे आज ठरविता येते. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील मधुमेह, क्षय, सिकलसेल अशा नित्य औषध लागणाऱ्यांची, एकट्या वृद्धांची व रोजमजुरीवरील कुटुंबांची नोंद ठेवावी. आपत्तीसाठीचा साठा घराघरांत न करता विहारात, सर्वांच्या डोळ्यांसमोर करावा, आणि वाटपाची पहिली कसोटी एकच ठेवावी : गिलान कोण? दुकानात उभे राहिल्यावर उपासकानेही स्वतःला हाच प्रश्न विचारावा.

माझ्या कपाटात त्या पाचांपैकी एक बाटली कालपरवापर्यंत न उघडलेली होती. तिच्यावरील मुदत केव्हाच संपलेली. पिलिंदवच्छांच्या विहारातील खिडकीला टांगलेली पाझरती पिशवी मी पोथीत अनेकदा वाचली होती. ती माझ्या घरातच होती.